उकिडवं बसता येईपर्यंत

टाचेमागची जाड शीर तुटते तेव्हा आवाज होतो. ‘फट्’ असा, शेजारी उभ्या असलेल्यालाही ऐकू जाईल इतका. ज्याची शीर तुटते तो आधी मागे वळून बघतो. कोणीतरी पोटरीवर लाथ घातली किंवा दगड भिरकावला, असंच त्याला वाटतं. मागे कोणीच नसतं. नॉर्वेतला फुटबॉल खेळणारा असो की शिवडीतला कबड्डी खेळणारा, डॉक्टरांसमोर दोघंही हीच हकिगत सांगतात, आणि अनुभवी डॉक्टर त्या एका वाक्यावरूनच अर्धं निदान करतो.

शिवडी, नायगाव, काळाचौकी, लालबाग हा मुंबईतल्या गिरणगावाचा सगळा पट्टा कबड्डीचा. गिरण्यांचे भोंगे बंद झाले तरी गल्लीगल्लीतल्या मंडळांची मैदानं, रात्रीचे दिवे लावून होणारे सामने आणि सामन्याला लोटणारी गर्दी इथून गेली नाही. चढाईला गेलेला गडी प्रतिस्पर्ध्याला शिवून मध्यरेषेकडे उलटा फिरतो, तो क्षण या शिरेच्या परीक्षेचा. गुडघा सरळ, सगळा भार एका पायाच्या चवड्यावर, पोटरी आवळलेली, आणि त्याच वेळी घोटा पुढे वाकतोय. एकीकडे स्नायू शीर वर खेचतो, दुसरीकडे शरीराचं वजन तिला खाली ताणतं. नुसतं धावतानाही या शिरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. माणसाच्या अंगात हिच्याइतकी जाड आणि दणकट दुसरी शीर नाही. तरीही टाचेच्या हाडाच्या वर, साधारण दोन ते सहा सेंटिमीटरच्या टप्प्यात, तिला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि बहुतेक वेळा ती तिथेच तुटते. डॉक्टर तिला अकिलिस टेंडन म्हणतात. रुग्ण मात्र ‘टाचेची शीर’ म्हणतो किंवा ‘नस तुटली’ म्हणतो, आणि दोघांनाही एकमेकांचं कळतं.

रोज सराव करणाऱ्या विशीतल्या पोरांपेक्षा ही दुखापत तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांना अधिक होते. वर्षभर खुर्चीत किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला, एकेकाळी मंडळाच्या संघात असलेला माणूस प्रजासत्ताक दिनाच्या सामन्यात ‘जुन्या खेळाडूंच्या’ लढतीत उतरतो, किंवा रात्री भाड्याच्या टर्फवर क्रिकेट खेळायला जातो. मन जुन्याच वेगाने धावतं, शीर मात्र त्या वेगाची उरलेली नसते. मैदानाशी काही संबंध नसलेल्यांचीही ती तुटते. बसच्या पायरीवरून पाय निसटतो, गटाराच्या झाकणाच्या कडेवरून टाच खाली जाते, तेवढं पुरतं. काही औषधंही तिला दुबळी करतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या प्रतिजैविकांमुळे शीर सुजण्याचा आणि तुटण्याचा धोका वाढतो, असा ठळक इशारा त्या औषधांवर छापायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये लावलं. टाचेच्या दुखण्यावर शिरेतच स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणंही तसंच धोक्याचं.

शीर तुटल्यावर माणूस पूर्णपणे लोळागोळा होत नाही, आणि नेमकं तेच त्याला नडतं. घोट्याभोवतीच्या इतर शिरांच्या जोरावर पाऊल थोडं हलतं, लंगडत का होईना चालता येतं. एक्स-रे काढला तर हाडं शाबूत दिसतात. मग ‘मुरगळलंय’ म्हणून क्रेप बँडेज बांधलं जातं, कोणी हळदीचा लेप सुचवतं, कोणी मालिशवाल्याकडे नेतं. यात तीन-चार आठवडे गेले की तुटलेली टोकं आखडून एकमेकांपासून दूर जातात, मधे निकामी ऊतींचा भराव होतो, आणि साध्या टाक्यांचं काम मोठं होऊन बसतं. कधी पायाच्या अंगठ्याला वाकवणारी शीर उसनी घेऊन टाचेला जोडावी लागते. खरं तर निदान करायला कुठलंही यंत्र लागत नाही. रुग्णाला पालथं झोपवायचं, पाऊल पलंगाबाहेर लोंबतं ठेवायचं आणि पोटरी मुठीत दाबायची. शीर धड असेल तर पाऊल आपोआप खाली झुकतं, तुटली असेल तर ढिम्म राहतं. १९५७ मध्ये सिमंड्स यांनी आणि १९६२ मध्ये थॉम्पसन यांनी लिहून ठेवलेली ही चाचणी आजही सगळ्यात भरवशाची आहे, आणि गल्लीतल्या दवाखान्यातही ती मिनिटभरात होते.

तुटलेली शीर सर्जनने उघडली की तिची टोकं सुंभाचं टोक विस्कटावं तशी दिसतात. ती गोळा करायची, मजबूत धाग्याने एकमेकांत ओवायची आणि वरची पातळ कातडी जपून शिवायची. काम साधारण तासाभराचं. कातडी जपण्यावर सर्जन एवढा भर देतात कारण टाचेमागे मांस नसतं, जखम चिघळली तर झाकायला काही नसतं. मधुमेह असेल किंवा तंबाखू सुटत नसेल तर जखम भरायला हमखास वेळ लागतो. गिरणगावात तंबाखूची पुडी किती खिशांत असते हे वेगळं सांगायला नको. शस्त्रक्रियेनंतरचे निदान दोन-तीन महिने ती खिशाबाहेर राहिली तरी मोठी गोष्ट.

शस्त्रक्रिया करायलाच हवी का, याचा वाद जुना आहे. नॉर्वेत ५२६ रुग्णांवर झालेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या वादात वजनदार ठरला. काहींवर नेहमीची उघडी शस्त्रक्रिया केली, काहींवर छोट्या छेदातून केली, काहींना नुसतं प्लास्टर आणि आधार दिला. वर्षानंतर तिन्ही गटांतले रुग्ण जवळजवळ सारखेच बरे होते. फरक दोन ठिकाणी दिसला. शस्त्रक्रिया न झालेल्यांत शीर पुन्हा तुटण्याचं प्रमाण ६.२ टक्के होतं, शस्त्रक्रिया झालेल्यांत ०.६ टक्के. उलट मज्जातंतूला इजा होण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटांत जास्त होतं. त्याआधी, २०२० मध्ये, ब्रिटनमधल्या ५४० रुग्णांच्या अभ्यासाने दाखवून दिलं होतं की शस्त्रक्रिया न करताही आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये पाय कोंडून ठेवण्याची गरज नाही. टाचेखाली पाचरी घातलेल्या आधारात पायावर लवकर भार देऊन चालवलं तरी निकाल तोच येतो. सगळ्या अभ्यासांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. टाके घातले की नाही यापेक्षा पुढचं वर्ष त्या पायाचं काय केलं, याला जास्त महत्त्व आहे.

मोठे खेळाडूही या वर्षातून सुटलेले नाहीत. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमची शीर १४ मार्च २०१० रोजी मिलानमध्ये तुटली, दुसऱ्याच दिवशी फिनलंडमधल्या तुर्कूला शस्त्रक्रिया झाली, तरीही त्या उन्हाळ्याचा विश्वचषक त्याच्या हातून गेला. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट १२ एप्रिल २०१३ रोजी तुटलेल्या शिरेवर उभा राहून दोन फ्री थ्रो टाकून आला, आणि पुन्हा कोर्टवर उतरायला त्याला डिसेंबर उजाडला. अडथळ्यांची शर्यत धावणारा चीनचा लिऊ श्यांग २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्याच अडथळ्यावर कोसळला, एका पायावर लंगडी घालत शेवटच्या अडथळ्यापर्यंत गेला आणि त्याचं चुंबन घेतलं. त्यानंतर तो कधीच शर्यतीत धावला नाही. आपल्याकडे मोहम्मद शमीच्या अकिलिस टेंडनवर फेब्रुवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्याची शीर अशी ताडकन तुटलेली नव्हती, तरी २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून रणजी सामन्यातल्या पुनरागमनापर्यंत जवळजवळ वर्ष गेलं. या सगळ्यांच्या दिमतीला फिजिओ होते, पोहण्याचे तलाव होते, लिफ्ट होत्या.

शिवडीत लिफ्टचीच वानवा आहे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या, त्यातल्या १२ शिवडीत. तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, खोलीत कोपऱ्याला मोरी आणि मजल्याच्या टोकाला सामायिक संडास. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्यामुळे त्यांच्या पुनर्विकासाचं गाडं वर्षानुवर्षं अडून राहिलं. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस पायाला टाके घालून घरी परततो तेव्हा त्याचं पुनर्वसन जिन्यातच सुरू होतं. पहिले दोन आठवडे पाऊल खाली झुकवलेल्या अवस्थेत बांधलेलं असतं, म्हणजे शिरेवर ताण येत नाही, आणि पाय जमिनीला टेकवायचा नसतो. कुबड्या घेऊन चाळीचा अरुंद, घासून गुळगुळीत झालेला जिना चढणं म्हणजे घसरून टाके तुटण्याला आमंत्रण. बहुतेक जण मग पायऱ्यांवर बसून, हातांवर भार देत, एकेक पायरी मागे सरकत वर जातात. शेजारची पोरं कुबड्या धरतात, कोणी मागून पाठीला हात लावतं. डॉक्टरांच्या कागदावर हे लिहिलेलं नसतं, पण पद्धत बरोबर आहे. पुढे पायावर भार द्यायची परवानगी मिळते तेव्हा फिजिओथेरपिस्ट जिन्याचा नियम शिकवतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आठवडाभरात तो जिन्यावरच्या सगळ्यांना पाठ होतो.

खरी अडचण मात्र मजल्याच्या टोकाला असते. भारतीय पद्धतीच्या संडासावर उकिडवं बसायचं म्हणजे टाच टेकलेली ठेवून घोटा पुढे भरपूर वाकवावा लागतो. सपाट रस्त्यावर चालायला घोटा साधारण १० अंश पुढे वाकला तरी निभावतं. उकिडवं बसायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वाकणं लागतं. आणि नेमकं हेच वाकणं टाके घातलेल्या शिरेला पहिल्या काही महिन्यांत वर्ज्य असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत जोडाच्या जागी जी कोवळी ऊती तयार होते ती ओढली की लांबते, आणि लांबलेली शीर पुन्हा आखूड होत नाही. वरून पाय बरा दिसतो, दुखतही नाही, पण टाच उचलायची ताकद कायमची कमी राहते. म्हणून फिजिओथेरपिस्ट कळवळून सांगतात, ‘काका, ताणू नका. अजून तरी ताणू नका.’ काका मान हलवतात आणि सकाळी बादली घेऊन मजल्याच्या टोकाला जातात. जायचं नाही तर करायचं काय?

याला उपाय आहे, साधाच. औषधांच्या दुकानात मधे भोक असलेली कमोडची खुर्ची विकत किंवा भाड्याने मिळते. ती सामायिक संडासाच्या भांड्यावर नेऊन ठेवायची, झालं की धुऊन परत आणायची. म्हणजे रोज पहाटे कोणीतरी ती खुर्ची वाहायची. हे काम बहुधा बायकोवर किंवा आईवर येतं, आणि त्यांच्या कंबरेचा हिशोब कुणी मांडत नाही. रुग्ण स्वतः बाई असेल तर प्रश्न दुप्पट होतो. मोरीत उकिडवं बसून भांडी, फरशी पुसणं, विळीवर भाजी, सगळं जमिनीलगतचं. पुरुषाला ‘आराम कर’ म्हणणारं घर बाईला तेच तितक्या सहजपणे म्हणत नाही. मोरीत प्लॅस्टिकचं स्टूल, ओट्यावर सुरी आणि पाट, लांब दांड्याचा पोछा, एवढं बदललं तरी तिची शीर वाचते. हे बदल डिस्चार्जच्या दिवशी कोणीतरी नावानिशी सांगायला हवेत.

शिवडीचं एक भाग्य असं की हे सांगू शकणारी माणसं हाकेच्या अंतरावर आहेत. परळला आचार्य दोंदे मार्गावर १९२६ मध्ये सुरू झालेलं केईएम रुग्णालय उभं आहे, आणि देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा तिथेच निघाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ उसळली, शेकडो मुलांचे पाय लुळे पडले, आणि त्यांना उभं करायला प्रशिक्षित माणसं हवीत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने ती शाळा उभी राहिली. १९५५ मध्ये हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. पोलिओच्या पोरांच्या पायांवर शिकलेली ही विद्या पुढे अपघातात मोडलेल्या कामगारांच्या, दहीहंडीच्या थरांवरून पडलेल्या गोविंदांच्या आणि शीर तुटलेल्या खेळाडूंच्या कामी आली. महापालिकेच्या रुग्णालयातली गर्दी सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही त्या बाकावर नंबर लावून बसलेल्या माणसाला जे मिळतं, ते अनेक चकचकीत जिममध्ये मिळणार नाही. चाळीत राहणाऱ्या माणसाचा पाय बघितलेली, त्याचा जिना आणि मोरी माहीत असलेली नजर तिथे आहे.

पुनर्वसनाचं गणित वरवर सोपं दिसतं. पहिले दोन आठवडे भार नाही. टाके निघाले की टाचेखाली पाचरी घातलेला मोठा बूट, त्यात थोडाथोडा भार. दर आठवड्याला-दोन आठवड्यांना एकेक पाचर काढायची, म्हणजे घोटा हळूहळू सरळ होतो. सहा ते आठ आठवड्यांनी बूट सुटतो. मग खुर्चीत बसून टाच उचलणं, पुढे दोन पायांवर उभं राहून, आणि कित्येक आठवड्यांनी एका पायावर. प्रत्येक सर्जनची वेळापत्रकं थोडी वेगळी असतात आणि आपल्या सर्जनचीच पाळायची. या सगळ्यामागची जीवशास्त्राची बाजू विलक्षण आहे. जोडाच्या जागी सुरुवातीला तयार होणारे तंतू अस्ताव्यस्त, कमजोर असतात. त्यांच्यावर मोजका भार पडू लागला की ते भाराच्या दिशेने ओळीने लागतात आणि हळूहळू मूळच्या दणकट तंतूंसारखे होतात. भारच मिळाला नाही तर ते विस्कटलेलेच राहतात. अति भार मिळाला तर शीर लांबते. ही घडण महिनोन्‌महिने, वर्ष उलटलं तरी चालू राहते.

चाळीतला तोच अवघड जिना या टप्प्यावर उपयोगी पडतो. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, कठडा धरायचा, टाचा वर उचलायच्या. टाच पायरीच्या पातळीखाली सोडायची मुभा बऱ्याच उशिरा मिळते. निरोगी माणसाला एका पायावर सलग साधारण २५ वेळा टाच उचलता येते. तीन महिन्यांनी पहिल्यांदा प्रयत्न करणाऱ्याला एकदाही जमत नाही, टाच जमिनीला खिळल्यासारखी राहते. बारीक झालेली पोटरी बघून माणूस खचतो ते याच वेळी, कारण तोवर लोकांनी चौकशी करणं थांबवलेलं असतं. पाय बुटातून बाहेर आलेला असतो, स्टेशनपर्यंत चालता येत असतं, कामावर हजेरी लागलेली असते. ‘आता झाला की बरा’ असं सगळे म्हणतात, आणि तोही फिजिओथेरपी सोडतो. फिजिओथेरपी विभागांत नेहमी ऐकू येणारा सल हाच आहे. रुग्ण बरा व्हायच्या आधीच यायचा थांबतो.

शिवडीच्या खाडीवर हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्षी येतात. चिखलात एका पायावर तासन्‌तास उभे असतात. त्यांच्या पायाच्या मधोमध उलटा वाकलेला जो गुडघा वाटतो तो त्यांचा घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत दडलेला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की या पक्ष्याच्या सांध्यांची रचनाच अशी आहे की एका पायावर उभं राहायला त्याला स्नायूंचे श्रम जवळजवळ पडत नाहीत. माणसाला ती सवलत नाही. एका पायावर दहा सेकंद उभं राहायचं तर पोटरी, घोटा, पाऊल सतत काम करतात, आणि शीर जोडून घेतलेल्या माणसासाठी हा व्यायाम टाच उचलण्याइतकाच मोलाचा असतो. खाडीजवळचा, १६८० मध्ये इंग्रजांनी बांधलेला शिवडीचा किल्ला हे त्याच्या पुढच्या टप्प्याचं ठिकाण. खडबडीत वाट, लहानमोठ्या पायऱ्या, उतार. तिथे न अडखळता चढउतार करणारा पाय लोकलच्या गर्दीतही टिकतो.

अशा पायाची प्रगती मोजायला जगभर एक प्रश्नावली वापरतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी ती २००७ मध्ये प्रसिद्ध केली. दहा प्रश्न, शंभर गुण. ताकद कमी वाटते का, पाय थकतो का, आखडतो का, दुखतो का, उंचसखल जमिनीवर चालताना त्रास होतो का, जिना झपाट्याने चढताना, धावताना, उडी मारताना, अंगमेहनतीचं काम करताना? उत्तम प्रश्न आहेत, आणि त्यांच्यामुळेच वेगवेगळ्या देशांतले निकाल शेजारी ठेवून बघता येतात. पण त्या दहांत उकिडवं बसण्याचा प्रश्न नाही. स्वीडनमध्ये तो कोणाला सुचायचं कारणच नव्हतं. शिवडीतला माणूस त्या प्रश्नावलीत नव्वद गुण मिळवून घरी येईल आणि सकाळी संडासात टाच टेकवू शकणार नाही. जमिनीवर मांडी घालून जेवायला बसेल, पण उठताना कोणाचा तरी खांदा धरेल. त्याच्या दृष्टीने तो बरा झालेला नाही, आणि त्याचंच म्हणणं खरं धरायला हवं. आपल्याकडच्या फिजिओथेरपी विभागांनी अकरावा प्रश्न स्वतःहून जोडावा. उकिडवं बसता येतं का, किती वेळ, आणि आधाराशिवाय उठता येतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर उपचार संपले नाहीत.

चाळींच्या आणि सोसायट्यांच्या मंडळांनाही एक विनंती. उत्सवाच्या वर्गणीतून संडासाच्या भिंतीला धरायला एक लोखंडी कडी बसवा, आणि एक कमोडची खुर्ची, एक वॉकर, कुबड्यांचा एक जोड, एवढं मंडळाच्या कपाटात कायम ठेवा. ज्याला गरज पडेल त्याने न्यावं आणि धुऊन परत करावं. आणि ज्याची शीर जोडून घेतली आहे त्याने दोन गोष्टी विसरू नयेत. पोटरी अचानक सुजली, ठणकू लागली किंवा धाप लागली तर रक्ताची गाठ असू शकते, त्याच क्षणी रुग्णालय गाठा. आणि स्टेशनपर्यंत चालता आलं म्हणून व्यायाम सोडू नका. त्या एका पायावर टाच पुन्हा पुन्हा उचलता येईपर्यंत आणि टाचा टेकवून उकिडवं बसता येईपर्यंत फिजिओथेरपीला जात राहा.